ताणा

मार्केट यार्डातून पाव किलो लाल कांदा मीच आणते,
पावती जोडते, हत्तुरे सर सही करतात.
एकवीस वर्षं झाली.
अकरावीची पोरं बदलतात, सरांचं वाक्य तेच:
"पटल सगळ्यांना आत घेत नाही,
सगळ्यांना अडवतही नाही."
तोवर मी काचा पुसत असते.

आतला पापुद्रा चिमट्यानं सोलायचा,
थेंबभर आयोडीन, वर पातळ काच,
बुडबुडा राहू द्यायचा नाही.
मग भिंगाखाली खोल्या दिसतात,
विडी घरकुलासारख्या भिंतीला भिंत लागून,
प्रत्येकीत एकच केंद्रक,
कोपऱ्यात सरकवलेल्या घागरीसारखं.
मधली सगळी जागा पाण्याची. तिचं नाव रिक्तिका.
नाव ठेवणाऱ्यानं आत डोकावलं नसावं.

दुसऱ्या काचेवर जांभळी साल. तिला आयोडीन नाही:
मेलेली पेशी मिठाला दाद देत नाही.
मिठाच्या पाण्याचे दोन थेंब,
आणि जांभळा रंग भिंत सोडून
हळूहळू मध्ये गोळा होतो.
स्फूर्ती गुंडेटीनं परवा मलाच विचारलं,
"मावशी, ते घाबरलं का?"
सर म्हणाले, घाबरलं नाही, पाणी निघून गेलं.
दोन्हींत फरक किती, ते मी बोलले नाही.

सर सांगतात, उतारानं जायला खर्च नाही,
चढावर न्यायचं तर पेशीला मोजावं लागतं.
पाचव्या दिवशी नळ येतो तेव्हा
आमच्या बोळात मोटर लावणाऱ्यांना
हा धडा न शिकता पाठ आहे.

शुक्रवारी माझी अर्धी रजा.
राजेशमला घेऊन रिक्षानं जाते, चार तास.
आधी वजन, मग सुया, मग यंत्राची घरघर.
तीस वर्षं टॉवेलच्या मागावर उभा राहिलेला माणूस,
त्याला ती घरघर फार हळू वाटते.
पहिल्या दिवशी त्यानं ते पारदर्शक नळकांडं पाहिलं,
आत पांढऱ्या धाग्यांची जुडी,
आणि तौफीकला विचारलं,
"काउंट काय?"

तौफीक हसला. "काका, पोकळ आहेत सगळे.
आतून रक्त, बाहेरून पाणी."
"तार किती?"
"दहा-बारा हजार असतील."
"आणि बाणा?"
"बाणा नसतो, काका."
हा बराच वेळ छताकडे बघत राहिला.
मग मला तेलुगूत म्हणाला,
नुसत्या ताण्यावर माणूस धरून ठेवलाय यांनी.

लाल पेशी मोठ्या, त्या आतच राहतात.
युरिया बारीक, तो निघून जातो.
जादा पाणीही जातं, दोन किलो, सव्वादोन.
"सूत असतं तर चोरी म्हटलं असतं,"
तो काट्यावरून उतरताना म्हणतो,
दर शुक्रवारी, मी हसेपर्यंत.

घरी दिवसाला दोन तांबे, त्यातच चहा.
मेच्या उन्हात, पत्र्याखाली.
मी बिनमिठाची भाजी वाढते
आणि माझी वेगळी, पाठ करून खाते.
त्याला कळतं. तोही पाठ करतो.

मंगळवारी प्रात्यक्षिक संपतं,
घंटा होते, पोरं काचा तशाच टाकून पळतात,
चौदा काचा, मिठात आखडलेल्या.
सर वर्गातून गेले की
बादलीत बुडवण्याआधी
मी प्रत्येक काचेवर एकेक थेंब साधं पाणी सोडते,
थोडा वेळ ठेवते.
पुस्तकात लिहिलंय, रंग पुन्हा भिंतीपर्यंत जातो,
फार उशीर झाला नसेल तर.

भिंगाला डोळा लावून मी कधी बघितलेलं नाही.